मशीन वाचत नाही ती ओळ

सन्माननीय अध्यक्ष मातुआ रंगी पोहातू, त्यांच्या शेजारी बसलेल्या आपल्या दवाखान्याच्या परिचारिका टीना ओल्ड्रिज, आजचे सत्कारमूर्ती श्री. लेस्टर ब्रून, त्यांना न्यायला ख्राइस्टचर्चहून आलेल्या त्यांच्या भाची कॅरोल, आणि चार दिवसांनी आज वारा पडलेला असूनही बोटी किनाऱ्यावर ठेवून या हॉलमध्ये येऊन बसलेल्या माझ्या बेटकरांनो,

वारा पडलेला असताना चॅटम बेटाचा मच्छीमार छपराखाली बसत नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हा तुमची हजेरी हाच लेस्टर ब्रून यांचा पहिला सत्कार. दुसरा मातुआ रंगींनी प्रार्थनेतून केला. तिसरा आत स्वयंपाकघरात मार्लीनने झाकून ठेवला आहे, आणि त्यात क्रेफिश आहे हे वासावरून सगळ्यांना कळलेलं आहे. त्याच्या आणि तुमच्या मध्ये आता फक्त मी उभी आहे. मला दहा मिनिटं दिली आहेत. कॉलिन फाइफ, तू दाराशी उभाच आहेस, तर दहा मिनिटं झाली की हात वर कर.

कॅरोलबाई, तुम्ही मला ओळखत नाही. मी जोन रटलेज. बेटाचं महिन्याचं बातमीपत्र गेली एकवीस वर्षं मी काढते. जहाज कधी येणार, कोणाच्या मेंढ्या कोणाच्या कुरणात शिरल्या, कोण वारलं. जहाजाची तारीख दर वेळी चुकते, बाकीचं बहुतेक बरोबर असतं. बहुतेक म्हणते आहे. त्याकडे मी पुन्हा येईन.

तुमच्या मामांबद्दल तुम्हाला काय सांगावं? तीस वर्षं त्यांनी इथे हवामानाच्या नोंदी घेतल्या. निवृत्त झाले त्या दिवशी घरातलं भिंतीवरचं घड्याळ काढून कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवलं. आम्ही कारण विचारलं, तर म्हणाले, "तीस वर्षं मिनिटं पाहून ढग मोजले. आता भूक लागली की जेवतो." हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

नऊ वर्षांपूर्वी जहाजातून एक मोठं खोकं आलं. मुख्य भूमीवरच्या कुठल्याशा कार्यालयाने टाकून दिलेले अठरा संगणक कोणीतरी प्रेमाने आपल्याला पाठवले होते. ते सुरू करून चहा केला, प्यायला, कप विसळून ठेवला, तरी पडद्यावर गोल चक्र फिरतच असायचं. याच हॉलमध्ये बैठक झाली. बहुमत होतं की सगळे खड्ड्यात टाकावेत. तेव्हा मागच्या बाकावरून लेस्टर ब्रून उभे राहिले. ते बैठकीत बोलल्याचं ते पहिलं आणि माझ्या माहितीप्रमाणे शेवटचं उदाहरण. म्हणाले, "मशीन म्हातारं झालेलं नाही. त्याच्या डोक्यावर ओझं फार झालंय. ओझं उतरवू." आणि खाली बसले.

"कोण उतरवणार?" मातुआ रंगींनी विचारलं. लेस्टरनी स्वतःकडे बोट केलं. मी हात वर केला. मला संगणकातलं काय येत होतं? टाइप करता येत होतं. माझ्या नवऱ्याला, बर्टला, जाऊन पाच महिने झाले होते आणि मला घरी थांबायचं नव्हतं. तेवढीच माझी पात्रता.

या हॉलच्या मागे जुनी रेडिओ-टेलिफोनची खोली आहे. ती आम्हाला मिळाली. एक टेबल, एक दिवा, एक खुर्ची. खुर्ची एकच, म्हणून वार वाटून घेतले. सोमवारी मी, कारण सोमवारी मी बातमीपत्रासाठी गावात असते. गुरुवारी लेस्टर, कारण गुरुवारी ते ओवेंगाहून किराणा न्यायला येतात. दुसरी खुर्ची या हॉलमधून उचलून नेता आली नसती का? आली असती. इथे दोनशे आहेत. नऊ वर्षांत आम्हा दोघांपैकी कोणी ती नेली नाही.

कामाबद्दल थोडं बोलते, कारण सत्कार कामाचा आहे. लिनक्स नावाची एक प्रणाली असते. जगभरची माणसं मिळून ती बनवतात आणि कोणालाही देतात. तयार घर विकत घेण्याऐवजी नुसतं लाकूड मिळावं तसं ते असतं. आपल्याला लागेल तेवढंच बांधायचं. आम्ही एक खोली, एक चूल आणि एक दार एवढंच बांधलं. नाचरी चित्रं काढली. सावल्या काढल्या. पत्र लिहायचं, पत्र पाठवायचं, डॉक्टरांशी समोरासमोर बोलायचं, जहाजाची तारीख बघायची, बस्स.

हे ऐकायला सोपं वाटतं. सहा मशीनच्या चिपा इतक्या जुन्या होत्या की नवं काही त्यांच्यावर चालेचना. मग तसल्या जुन्या चिपांसाठी कोणीतरी अजून सांभाळत असलेली एक आवृत्ती लेस्टरनी शोधली. आपल्या उपग्रहाच्या इंटरनेटवरून ती उतरवायला नऊ दिवस लागले, आणि आठव्या दिवशी वादळ आल्यामुळे पुन्हा नऊ. चार मशीन सुरू व्हायची, पंखा फिरायचा, पण पडदा काळाच. दोन सोमवार मी रडकुंडीला आले. शेवटी कळलं की सुरुवातीच्या ओळीत एक शब्द घालायचा होता. तुला चित्रातलं फार कळतं असं समजू नकोस, साधं दाखव, असं मशीनला सांगणारा.

हा शब्द मला कसा कळला? इथे मला तुम्हाला आमची रीत सांगावी लागेल.

मशीन सुरू होताना एक फाइल वरून खाली वाचत जातं. हे चालू कर, ते बंद ठेव, अशा आज्ञा तिच्यात असतात. पण ज्या ओळीच्या सुरुवातीला हॅशची खूण असते, ती ओळ मशीन वाचत नाही. सोडून पुढे जातं. ती ओळ नंतर येणाऱ्या माणसासाठी असते. मी टेबलावर चिठ्ठ्या ठेवायचे, तर दमटपणाने त्यांचा लगदा व्हायचा. एका सोमवारी फाइल उघडली आणि तिच्यात हॅश करून लिहिलेलं होतं: "सोमवारच्या बाई, पुढची ओळ काढू नका. काढली तर पडदा पुन्हा काळा होईल."

मी खाली लिहिलं: "गुरुवारचे साहेब, आभारी आहे. बाईंना नाव आहे."

पुढच्या सोमवारी उत्तर: "जोन, पंखा का काढलास?"

"आवाज करत होता."

"आवाज करतो तोवर काळजी नसते. परत लाव."

असं सुरू झालं. सुरुवातीला कामाचंच. मग हळूहळू, दोन आज्ञांच्या मधल्या जागेत, इतरही. एकदा त्यांनी लिहिलं: "खिडकी उघडी टाकून गेलीस. वेका पक्षी आत शिरला होता. तुझी बिस्किटं खाल्ली. मशीनला त्याने हात लावला नाही, त्यामुळे तुझ्यापेक्षा त्याचं काम बरं." मी लिहिलं: "पुढच्या वेळी वेका पकडून शिजव आणि बिस्किटं भरून दे." त्याच्या पुढच्या सोमवारी टेबलावर बिस्किटांचा पुडा होता. चिठ्ठी नव्हती. फाइलमध्ये लिहिलं होतं: "वेका जास्त शहाणा निघाला."

बर्टला जाऊन वर्ष झालं त्या आठवड्यात मी एकच ओळ लिहिली होती: "आज काही जमत नाही." त्याखाली गुरुवारी लिहिलेलं: "नको जमू दे. अठरा मशीन कुठे पळून जात नाहीत."

मी एकदा गुरुवारी गेले होते. लेस्टर, हे तुम्हाला ठाऊक नाही. जामची बाटली दिली असती आणि दोन शब्द बोलून परत आले असते. दाराशी पोचले तर आतून आवाज आला. तुम्ही माझी ओळ मोठ्याने वाचत होता. शेवटपर्यंत वाचलीत, आणि हसलात. एकट्यानेच. मी दारावर हात ठेवला होता तो काढून घेतला. मी आत आले असते तर तुम्हाला माझ्याशी बोलावं लागलं असतं. तेवढं हसू मग उरलं नसतं. जामची बाटली मी परत घरी नेली आणि ती उघडायचं मला पुढे बरेच दिवस सुचलं नाही.

मंडळी, अठराच्या अठरा मशीन चालू झाली. मग लोक अजून मागू लागले. तेव्हा छोट्या डब्यांसारखे चार संगणक आले. त्यांच्या पोटात जागाच नव्हती. बाकीच्यांमध्ये एक खोली बांधली होती, यांच्यात कपाटही मावेना. मी सोमवारी बसून एकेक गोष्ट बाहेर काढत होते. परक्या भाषांची अक्षरं काढली. असलेल्या-नसलेल्या छपाईयंत्रांची माहिती काढली. तरी तीन मेगाबाइट कमी पडत होते. तेव्हा मला एक चोपडी सापडली, जगातल्या प्रत्येक गावचं घड्याळ सांगणारी. शेकडो गावं. आपल्याला काय करायची आहेत? मी सगळी पुसली. एक ठेवलं, ऑकलंडचं. आपला देश तोच की!

हॉलमध्ये आत्ता ज्यांनी डोक्याला हात लावला, त्यांना नमस्कार. आपलं घड्याळ मुख्य भूमीच्या पाऊण तास पुढे असतं, हे या बेटावर मेंढीलाही ठाऊक आहे. मला कसं दिसलं नाही? मी तपासलं होतं. डबा सुरू केला, खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. मिनिटाचाही फरक नव्हता. मी खूश झाले. पण ती खोली रेडिओ-टेलिफोनची. तिथलं घड्याळ पहिल्यापासून तिकडच्या वेळेवर आहे, तिकडे फोन लावायचे म्हणून. तुमच्या प्रत्येकाच्या घरात असतात तशी दोन घड्याळं, एक इकडचं, एक तिकडचं. त्या खोलीत फक्त तिकडचं होतं, आणि मी सात वर्षं त्याच्याखाली बसत होते.

कॉलिन, तू हसलास. तुला वाटतंय जोनबाईंचं काहीतरी चुकतंय, कारण ही गोष्ट तू वेगळी ऐकली आहेस. हसून घे. मी थांबते.

चार डब्यांपैकी एक लेस्टरच्या घरी गेला. त्यांच्या मूत्रपिंडांचं तेव्हा नुकतंच कळलं होतं. ख्राइस्टचर्चच्या मोठ्या डॉक्टरांशी पडद्यावर भेट ठरली होती, तिकडच्या सकाळी दहाची. म्हणजे आपले पावणेअकरा. आपण सगळे जसे हिशेब करतो तसा लेस्टरनी केला. घरात दुसरं घड्याळ नाही, ते कोंबड्यांकडे. मोबाइलचा टॉवर तेव्हा बेटावर नव्हता. डब्याच्या कोपऱ्यात पावणेअकरा वाजले तेव्हा ते स्वच्छ शर्ट घालून पडद्यासमोर बसले. तिकडेही तेव्हा पावणेअकराच वाजले होते. डॉक्टर पाऊण तास वाट पाहून पुढच्या रुग्णाकडे गेले होते. पुढची तारीख मिळाली तीन महिन्यांनी.

पुढच्या सोमवारी मी खोलीत गेले. वाटेतच टीनाकडून कळलं होतं की लेस्टरची भेट हुकली, त्यांच्या डब्यात वेळ चुकीची होती. फाइल उघडायच्या आधी मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि माझी चूक मला कळली. गुरुवारी ते येऊन गेले होते. चारही डब्यांची वेळ त्यांनी दुरुस्त केली होती, चॅटमची फाइल परत बसवली होती, तीन मेगाबाइट त्यांनी दुसरीकडून कुठून तरी काढले होते. आणि त्या आज्ञेच्या वर, हॅश करून, एक ओळ होती:

"घड्याळाच्या फायली मी पुसल्या होत्या. चूक माझी. ले. ब्रू."

ती फाइल चारही डब्यांत गेली. ज्याने विचारलं त्याला लेस्टर तेच सांगत आले. तीस वर्षं मिनिटं मोजलेल्या माणसाने स्वतःची भेट पाऊण तासाने चुकवली! यापेक्षा मोठा विनोद या बेटावर त्या वर्षी झाला नाही. तुम्ही त्यांचं नावच "पाऊणतास" ठेवलंत. दुकानात, धक्क्यावर, "काय पाऊणतास, आज लवकर?" ते मान हलवायचे आणि पिठाची पिशवी उचलून निघायचे.

आणि मी? मी त्या ओळीखाली एक हॅश टाकला. लिहिणार होते, "चूक तुझी नाही, माझी." पडद्याकडे बघत बसले. त्याच्या सात-आठ वर्षं आधीपर्यंत मी बर्टची बायको होते. मग बर्टची विधवा. त्या मशीनमुळे लोक मला रस्त्यात थांबवून म्हणायचे, "जोन, तुझं मशीन छान चालतंय हं." बर्ट गेल्यापासून कोणी माझ्याशी स्वतःहून बोलायचं, ते तेवढंच. मी हॅशच्या पुढे काही लिहिलं नाही. फाइल बंद केली. ती रिकामी ओळ दोन वर्षं तिथे आहे.

एवढ्यावर मी थांबले असते तर निदान नुसती भित्री ठरले असते. त्या महिन्याच्या बातमीपत्रात सहाव्या पानावर पाऊण तासाचा विनोद छापून आला होता. नाव नव्हतं, पण कोणाबद्दल आहे ते सगळ्यांना कळलं. तो मी लिहिला होता. जहाजाच्या तारखेखेरीज बाकीचं बहुतेक बरोबर असतं, असं मघाशी म्हणाले, त्यातलं "बहुतेक" हे.

तीन महिन्यांनंतर डॉक्टरांना दिसलं की आकडे घसरले आहेत. मग गोळ्या. मग आणखी गोळ्या. आता आठवड्यातून तीनदा यंत्राने रक्त शुद्ध करून घ्यावं लागणार. ते यंत्र आपल्याकडे नाही. म्हणून मंगळवारच्या विमानाने लेस्टर जाणार, आणि तसल्या कारणाने गेलेलं माणूस इथे परत राहायला येत नाही, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून तर हा हॉल भरला.

मी टीनाला विचारलं होतं. टीना, सांगते हं. मी विचारलं, "ते तीन महिने गेले नसते तर?" ती म्हणाली, "गोळ्या लवकर सुरू झाल्या असत्या. एखादं वर्ष मिळालं असतं, किंवा काहीच नाही. मला सांगता येणार नाही. पण तू का विचारतेस, जोन? पाऊण तास तर लेस्टरचा." मी म्हणाले, "हो. उगाच विचारलं."

आज मी उगाच बोलत नाही. मंडळी, फायली मी पुसल्या. एका सोमवारी, सकाळी, चहा पिता पिता. लेस्टर ब्रून यांनी कधी काही पुसलं नाही. त्यांना तुम्ही दोन वर्षं ज्या नावाने हाक मारलीत ते नाव माझं आहे. उद्यापासून मला त्या नावाने हाक मारा. मी ओ देईन. बातमीपत्राच्या पुढच्या अंकात पहिल्या पानावर हे छापते आहे, सहाव्या नाही.

समितीतर्फे सत्कारमूर्तींना भेट द्यायची आहे. शाल, श्रीफळ असलं आपल्याकडे नसतं. मार्लीनने विणलेला स्वेटर आहे, आणि हा डबा. लेस्टर, हा तुझाच आहे, ओवेंगाच्या घरातला. तुला आता अहो-जाहो करायचं मला सुधरत नाही, मातुआ रंगींनी क्षमा करावी. मी तो पुन्हा बांधला आहे. घड्याळाची आतली बॅटरी नवी घातली. तिकडची वेळ आणि इकडची वेळ, दोन्ही फायली आहेत. चालू केलास की इकडची दिसेल. तिकडे गेल्यावर बदलायची की नाही, ते तुझं तू ठरव. पंखा तसाच आहे. आवाज करतो.

आज सकाळी मी ती रिकामी ओळ भरली. कॅरोलबाई, डबा सुरू होईल तेव्हा मशीन ती वाचणार नाही, त्यामुळे काही बिघडणार नाही. लेस्टर, तुझ्या ओळीखाली आता लिहिलेलं आहे: "वरचं खरं नाही. फायली जोनने पुसल्या. लेस्टरने तिला सांभाळून घेतलं, आणि तिने ते घेऊ दिलं."

त्याखाली एक हॅश टाकून ठेवला आहे. रिकामा. ही फाइल दर गुरुवारी तुझ्याकडून आपोआप इथे येईल अशी सोय केली आहे. आली नाही तरी मी सोमवारी खोली उघडीन, दिवा लावीन, बसेन. मशीन अठरा आहेत, कोणीतरी बसायला हवं. भिंतीवरचं घड्याळ मी हलवलेलं नाही. तिकडचंच आहे. म्हणजे तुझ्याकडे किती वाजले ते मला बघता येईल.

कॉलिन, दहा मिनिटं केव्हाच झाली. तू हात वर केला नाहीस. तुझे आभार. मातुआ रंगी, टीना, कॅरोलबाई, मार्लीन आणि तिच्या सगळ्या मैत्रिणी, आणि बोटी सोडून आलेल्या तुम्हा सर्वांचे आभार.

भाषण संपवताना, बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणायची पद्धत आहे. तुम्हा सर्वांना मी ते पद्धतीप्रमाणे म्हणते.

लेस्टर, तुला मी ते पद्धतीप्रमाणे म्हणत नाही. आत्ता काही बोलू नकोस. तुझ्यासाठी ओळ सोडलेली आहे.